नगरसेवकाच्या प्रचाराला पैसा देतं कोण?

नागपूर महापालिकेत १५१ जागा, आणि प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, तो माणसं बघतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटते. बघायला पाहिजे भाऊ! पण नुसता खर्चाचा आकडा बघून काही कळत नाही, खरा प्रश्न पैसा आला कुठून हा आहे. पक्ष २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची यादी भारत निवडणूक आयोगाला देतात, पण ती अख्ख्या पक्षाची असते, त्यातून तुमच्या प्रभागात किती आले ते कसं शोधणार?

आणि बरीच मदत तर रोख नसतेच, कुणी मंडप देतो, कुणी गाड्या, कुणी कार्यकर्त्यांच्या तर्री-पोह्याचं बघतो, म्हणून मी आधी हिशोबातली बिलं वाचते, मंडप कोणाचा, गाडी कोणाच्या नावावर, आणि मग पुढच्या वर्षी प्रभागातल्या रस्त्या-नालीची कामं कोणत्या ठेकेदाराला मिळाली ती नावं शेजारी ठेवते. नाव जुळलं म्हणजे घोटाळाच असं नाही हां, पण तिथे प्रश्न विचारायचा हक्क आपला आहे, आणि कागद मागायला माहिती अधिकाराचा अर्ज फक्त १० रुपयांत होते.