जिलेटिन झायमोग्राफी: पांढरा पट्टा दिसेपर्यंत, आणि दिसल्यावर

कॅन्सरच्या पेशीला गाठीबाहेर पडायचं तर आधी बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे पेशींच्या थराखालचा पातळ पडदा, ओलांडावं लागतं. त्या पडद्यातलं टाइप-४ कोलॅजेन तोडणाऱ्यांपैकी सर्वाधिक अभ्यास झालेली दोन एन्झाइम्स म्हणजे एमएमपी (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज) गटातली एमएमपी-२ आणि एमएमपी-९, अर्थात जिलेटिनेज ए आणि बी. दोघांनाही जिलेटिन, म्हणजे पीळ सुटलेलं कोलॅजेन, सहज तोडता येतं. झायमोग्राफी, म्हणजे एन्झाइमचं काम जेलवर पट्ट्यांच्या रूपात पाहण्याची पद्धत, उभी आहे ती याच गुणावर. जेल ओततानाच त्यात जिलेटिन मिसळायचं, नमुना विजेच्या दाबाखाली पळवायचा, एसडीएस (प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट) धुऊन काढायचं, एन्झाइमला रात्रभर काम करू द्यायचं आणि मग जेल निळं रंगवायचं. जिथलं जिलेटिन गेलं तिथे रंग धरत नाही. कृती दोन दिवसांत हातात बसते. निकाल वाचायला मात्र वेळ लागतो, आणि माझ्या मते बहुतेक गफलती तिथेच होतात.

सुरुवात नमुन्यापासून. पेशी वासराच्या ज्या सिरमवर (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवावर) वाढवतो त्या सिरममध्ये मुळातच जिलेटिनेज असतात, त्यामुळे सिरम असलेलं मीडियम जेलवर चढवलं की पेशींचं कमी आणि वासराचंच जास्त दिसतं. प्लेट ७०-८० टक्के भरली की पीबीएसने (फॉस्फेट आणि मिठाच्या द्रावणाने) तीनदा धुवायची, सिरमविरहित मीडियम घालायचं आणि २४ तासांनी ते गोळा करायचं. ४८ तास ठेवायचा मोह मी टाळते. उपाशी पेशी मरायला लागतात, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि स्रावाचं मोजमाप बिघडतं. गोळा केलेलं मीडियम बर्फावर ठेवून ३०० जी-ला ५ मिनिटं फिरवायचं, वरचा द्रव घ्यायचा आणि लहान लहान वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवायचे. एक वाटा एकदाच वितळवायचा. पट्टे फिके येत असतील तर ३० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) फिल्टरमधून दहापट घट्ट करता येतं. किती चढवायचं हे ठरवताना मीडियममधल्या प्रथिनाच्या आकड्यावर विसंबू नये, तो फार लहान असतो. त्याच प्लेटमधल्या पेशींची संख्या किंवा त्या पेशींच्या लायसेटमधलं (पेशी फोडून मिळालेल्या द्रवातलं) प्रथिन धरून हिशेब करावा.

रक्ताचा नमुना असेल तर सिरम नको, सायट्रेट प्लाझ्मा (रक्त गोठू न देता वेगळा केलेला द्रव) घ्या. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स एमएमपी बाहेर सोडतात आणि एमएमपी-९ उगाच फुगतं. ऊतकाचा तुकडा असेल तर तो कुटताना वापरायचं प्रोटिएज इनहिबिटर ईडीटीएविरहित हवं. या एन्झाइम्सच्या गाभ्यात झिंक आहे, घडी टिकवायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए दोन्ही ओढून घेतं. आणखी एक गोष्ट: रक्ताळलेल्या गाठीत दिसणारं एमएमपी-९ गाठीच्या पेशींचंच असेल असं नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ते आपल्या कणिकांत तयार साठवून ठेवतात. तुकडा आधी थंड पीबीएसने नीट धुवावा, आणि तरीही ही शंका मनात ठेवावी.

आता जेल. ८ टक्क्यांचं १० मिलि रनिंग जेल करायला ३० टक्के अ‍ॅक्रिलामाइड २.६७ मिलि, १.५ मोलर ट्रिस (पीएच ८.८) २.५ मिलि, १० टक्के एसडीएस ०.१ मिलि, जिलेटिनचा १० मिलिग्रॅम प्रति मिलिचा साठा १ मिलि आणि पाणी ३.६ मिलि. शेवटी जेल थिजवायला १० टक्के एपीएस ०.१ मिलि आणि टेमेड १० मायक्रोलिटर. म्हणजे जेलमध्ये जिलेटिन १ मिलिग्रॅम प्रति मिलि पडतं. वरचं ४ टक्क्यांचं स्टॅकिंग जेल नेहमीचंच, त्यात जिलेटिन घालायचं नाही. जिलेटिनचा साठा त्याच दिवशी करते. पाण्यात शिंपडून आधी फुगू द्यायचं, मग ५० अंशांच्या वॉटर बाथमध्ये पूर्ण पारदर्शक होईपर्यंत विरघळवायचं आणि कोमट असतानाच मिसळायचं. गार साठा घातला की त्याच्या गुठळ्या जेलमध्ये तशाच थिजतात आणि रंगवल्यावर गडद ठिपके नि ओघळ दिसतात. ते नमुन्यात शोधत बसण्यात अर्थ नाही, दोष ओतण्यातला असतो.

सॅम्पल बफरमध्ये बीटा-मरकॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी असता कामा नये, आणि नमुना उकळायचा नाही. एसडीएसने उलगडलेलं एन्झाइम पुन्हा घडी घालू शकतं, पण या रसायनांनी त्याचे डायसल्फाइड बंध तुटले की ती घडी परत येत नाही. वेस्टर्न ब्लॉटच्या बाटलीतलं बफर घेतलं की अख्खं जेल निळंशार राहतं, त्यामुळे झायमोग्राफीच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं बरं. चारपट घट्ट बफर असं: ट्रिस पीएच ६.८, २५० मिलिमोलर. एसडीएस ८ टक्के. ग्लिसरॉल ४० टक्के. रंगापुरतं ब्रोमोफिनॉल ब्लू. नमुन्यात मिसळून खोलीच्या तापमानाला १० मिनिटं ठेवलं की पुरे. मार्करमध्येही (ठरावीक वजनाच्या प्रथिनांच्या मिश्रणातही) बऱ्याचदा डीटीटी असतं आणि ते शेजारच्या लेनमध्ये झिरपतं, म्हणून मार्करनंतर एक वेल (जेलमधली खाच) रिकामी सोडते. जेल १२५ व्होल्टवर, टाकी थंड ठेवून, निळी रेघ तळाशी येईपर्यंत पळवायचं. घाईने व्होल्टेज वाढवलं की जेल तापतं आणि पट्टे कडांना वर वळतात.

जेल काढल्यावरची धुलाई हा या पद्धतीचा कणा आहे. २.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० मध्ये, शेकरवर, अर्धा तास. द्रव बदलून पुन्हा अर्धा तास. लहान जेलला दर वेळी १०० मिलि तरी द्रव हवा. ट्रायटन एसडीएसला आपल्यात ओढून घेतं आणि एन्झाइम पुन्हा घडी घालतं. द्रव कमी पडला किंवा डबा हलला नाही तर एसडीएस मागे राहतं आणि पट्टे उमटतच नाहीत. मग जेल डेव्हलपिंग बफरमध्ये १० मिनिटं विसळून त्याच ताज्या बफरमध्ये ३७ अंशांवर १६ ते १८ तास ठेवायचं. बफर: ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ७.५, मीठ १५० मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड १० मिलिमोलर, झिंक क्लोराइड १ मायक्रोमोलर. ट्रिसऐवजी फॉस्फेट बफर चालत नाही, कॅल्शियमचा साका बसतो. जंतू वाढू नयेत म्हणून काहीजण सोडियम अझाइड घालतात. एका रात्रीसाठी मी घालत नाही, कारण पुढची पायरी अ‍ॅसिटिक आम्लाची आहे आणि अझाइड नि आम्ल एकत्र आले की विषारी वायू तयार होतो.

मग कूमासी आर-२५० या निळ्या रंगाचा ०.५ टक्के द्रव (मिथेनॉल ३०, अ‍ॅसिटिक आम्ल १० टक्के) एक तास. मग रंगाविना तोच द्रव, पट्टे स्वच्छ दिसेपर्यंत. सुरुवातीला जेल पाटीसारखं काळपट असतं आणि काहीच दिसत नाही, तेवढ्यावरून टाकून देऊ नये. उलट रात्रभर डिस्टेनमध्ये (या रंगाविना द्रवात) सोडलं तर पार्श्वभूमी फिकी पडून बारीक पट्टे हरवतात.

दर जेलवर तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, एक लेन एचटी-१०८० फायब्रोसार्कोमा पेशींच्या मीडियमची हवीच. या पेशी दोन्ही जिलेटिनेज सोडतात, आणि पीएमए (पेशींना चेतवणारं रसायन) दिलं की एमएमपी-९ आणखी वाढतं. दुसरा कंट्रोल ईडीटीएचा: त्याच नमुन्यांची जेलची दुसरी पट्टी कापून तिच्या डेव्हलपिंग बफरमध्ये २० मिलिमोलर ईडीटीए घालायचं. त्या बफरमध्ये कॅल्शियम घालू नका, नाहीतर निम्मं ईडीटीए कॅल्शियम धरण्यातच संपतं आणि कंट्रोल लंगडा होतो. ईडीटीएमध्येही टिकलेला पट्टा एमएमपीचा नव्हे. तो बहुधा प्लाझ्मिन किंवा ट्रिप्सिनसारख्या सेरीन प्रोटिएजचा. प्लेटवरून पेशी सुट्या करताना वापरलेलं ट्रिप्सिन नीट धुतलं गेलं नसेल तर तेही असंच हजेरी लावतं.

पट्टे वाचू. मानवी नमुन्यात ९२ किलोडाल्टनला प्रो-एमएमपी-९ (प्रो म्हणजे न कापलेलं, निष्क्रिय रूप), त्याखाली ८२ च्या आसपास त्याचं सक्रिय रूप, ७२ ला प्रो-एमएमपी-२ आणि ६२ च्या जवळ सक्रिय एमएमपी-२. १२५-१३० जवळ दिसतं ते एनजीएएल या न्यूट्रोफिलमधल्या प्रथिनाला जोडलेलं एमएमपी-९, आणि २०० च्या वरचं त्याचं जोडरूप. उंदराचं प्रो-एमएमपी-९ साधारण १०५ ला येतं. मानवी आकडे त्याला लावले की नसलेलं नवं एन्झाइम सापडल्याचा आनंद होतो.

इथे खरी मेख आहे. ७२ आणि ९२ ही निष्क्रिय रूपं आहेत, तरी ती जेलमध्ये जिलेटिन तोडतात. प्रो-डोमेनमधलं, म्हणजे सक्रिय होताना कापल्या जाणाऱ्या तुकड्यातलं, सिस्टीन हे एक अमिनो आम्ल झिंकला धरून बसलेलं असतं. या कुलपाचं वर्णन व्हॅन वार्ट आणि बर्केडाल-हॅन्सन यांनी १९९० मध्ये 'सिस्टीन स्विच' म्हणून केलं. पेशीत ते प्रो-डोमेन कापून उघडतं, पण जेलमध्ये एसडीएस एन्झाइमला ताणून ते न कापताच मोकळं करतं. शिवाय एन्झाइमला दाबून ठेवणारी टिम्प प्रथिनं एसडीएसमुळे सुटतात आणि लहान असल्याने पुढे निघून जातात. म्हणून ठळक ७२ चा पट्टा पाहून 'एमएमपी-२ सक्रिय आहे' असं लिहिणं चूक. एन्झाइम तिथे आहे, इतकंच त्यावरून म्हणता येतं. सक्रियतेबद्दल काही बोलायचं तर ६२ आणि ७२ चं प्रमाण पाहावं. खालचा पट्टा खरंच त्याच एन्झाइमचं कापलेलं रूप आहे का, हे तपासायला नमुना एपीएमए (प्रो-रूप सक्रिय करणारं रसायन) १ मिलिमोलरसोबत ३७ अंशांवर तासभर ठेवून शेजारी चालवते. ७२ चा पट्टा ६२ कडे सरकला की ओळख पटते. एपीएमए पाऱ्याचं संयुग आहे, त्याचा कचरा वेगळा ठेवायचा.

टिम्पची बाजू तर याहून गुंतागुंतीची. पेशीच्या पृष्ठभागावर प्रो-एमएमपी-२ सक्रिय करतं ते एमटी१-एमएमपी, म्हणजे पेशीच्या आवरणात रुतलेलं दुसरं एमएमपी, आणि त्याला प्रो-एमएमपी-२ धरून द्यायला मध्ये टिम्प-२ चा एक रेणू लागतो. टिम्प-२ अजिबात नसेल तर हे काम अडतं, जास्त झालं तरी अडतं. जेलवर यातलं काहीच दिसत नाही.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. १९९० च्या दशकात मॅरिमास्टॅटसारखी सरसकट सगळ्या एमएमपींना रोखणारी औषधं पुढे गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिली. अपेक्षित फायदा झाला नाही, सांधे आणि स्नायू मात्र दुखू लागले. ही एन्झाइम्स काही कॅन्सरसाठी घडलेली नाहीत. १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना कोलॅजेन तोडणारं पहिलं एन्झाइम सापडलं ते बेडकाच्या पिल्लाच्या विरणाऱ्या शेपटीत. एमएमपी-९ नसलेल्या उंदरांत हाडाच्या वाढपट्टीत रक्तवाहिन्या शिरायला उशीर होतो. एमएमपी-८ तर काही प्रयोगांत गाठीला आळाच घालताना दिसलं आहे. कोणतं एन्झाइम, कुठे आणि मोकळं की दाबलेलं, हे कळल्याशिवाय 'एमएमपी वाढलं' या वाक्याला वजन नाही.

पट्ट्यांची घनता मोजायची असेल तर कंट्रोलचे दुप्पट-दुप्पट पातळ केलेले चार-पाच वाटे त्याच जेलवर हवेत. पट्टा पूर्ण पांढरा झाला की आणखी पांढरा होत नाही, फक्त रुंद होतो, आणि तिथून पुढचे आकडे निरर्थक असतात.

ऊतकातली प्रत्यक्ष क्रिया पाहायची तर इन सिटू (जागच्या जागी केलेली) झायमोग्राफी. तिला फॉर्मालिनमधला ब्लॉक चालत नाही. ताजा गोठवलेला तुकडा घेऊन ८ ते १० मायक्रॉनचे काप काढायचे आणि त्यांवर डीक्यू-जिलेटिन घालायचं. हे तुटलं की हिरवं चमकतं. इथे एसडीएस नसल्याने प्रो-रूप बंदच राहतं आणि टिम्पही जागेवर असतात. एका कापावर ईडीटीए ठेवायचं, कारण ऊतक स्वतःही हिरवट चमकतं आणि ती चमक वजा करावी लागते. फोटो दोन तासांनी एकदा आणि नंतर पुन्हा काढावेत. रात्रभरात तुटलेले तुकडे आजूबाजूला पसरतात, आणि जिलेटिन कोणत्या पेशीजवळ तुटलं होतं हे सकाळच्या फोटोवरून ठरवता येत नाही.