बाळ्यानं माइक बंद केला

संग्याला कुणी मारलं हे कर्नाटकातल्या बैलहोंगल भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी जत्रेत ‘संग्या बाळ्या’ हा कानडी खेळ लागला की माणसं घोंगडी, सतरंज्या घेऊन जेवणं झाल्या झाल्या जागा धरतात. मी बेळगावचा, साऊंडवाला. गणपती, लग्न, प्रचारसभा, सप्ताह, मराठी-कानडी दोन्हीकडची कामं घेतो. या खेळाचं काम मात्र पहिल्यांदाच आलं होतं. हिरेबागेवाडी, संपगाव करत टेम्पो गावात पोचला तेव्हा दिवस मावळत होता.

गोष्ट खरी आहे. एकोणिसाव्या शतकात बैलहोंगलात झालेला खून. संग्या पैशानं तालेवार, रंगेल गडी. ईरण्णा या व्यापाऱ्याच्या बायकोवर, गंगेवर, त्याचा जीव जडला. नवरा व्यापारासाठी बाहेरगावी गेलेला. इकडं निरोप पोचवायला एक म्हातारी आणि पाठीशी जिवलग दोस्त बाळ्या. पुढं ईरण्णाला कळलं, भावांबरोबर बसून त्यानं डाव रचला आणि संग्याला घराबाहेर काढायचं काम सोपवलं ते बाळ्यावरच.

आधी या खुनाची लावणी झाली. फ्लीट नावाचा इंग्रज अधिकारी, आपल्याकडच्या शिलालेखांवर काम केलेला, त्यानं 1880च्या दशकात कानडी लावण्या गोळा करून छापल्या. त्यांत संगोळ्ळी रायण्णा आहे, इंग्रजांविरुद्ध उठलेले हलगलीचे बेडर आहेत आणि हा संग्याही आहे. म्हणजे कंपनी सरकारशी लढून फासावर गेलेला वीर आणि बाईच्या नादात जीव गमावलेला गडी, दोघं एकाच रांगेत. लोकांनी दोघांनाही गाण्यात घेतलं, याचं मला अजून नवल वाटतं. बैलवाडच्या पत्तार मास्तरांनी पुढं त्याचा सन्नाटा बांधला. सन्नाटा म्हणजे आपल्या वगाच्या जवळचा, गात-बोलत रात्रभर चालणारा खेळ.

माइकवाल्याला या खेळात डोळा लागू देऊन चालत नाही. मागं हिम्मेळ उभा असतो, आपल्या तमाशातल्या झीलकऱ्यांसारखा. पात्रानं ओळ सोडली की हे ती उचलतात. त्यांचा आवाज एवढा तगडा की पात्राचा माइक थोडा कमी पडला तर शब्द गेलाच. म्हणून पुढं स्टँडवर तीन माइक, हिम्मेळाला वर बांबूला टांगलेले दोन, आणि बोटं सतत मिक्सरवर.

बाळ्या झालेला गडी दिवसा ट्रॅक्टर चालवतो. तोंडाला रंग लावता लावता त्यानं विचारलं, “अण्णा, मधल्या माइकला बटण आहे न्हवं?” आहे म्हटलं. “मग झालं,” म्हणाला. मी पुढं काही विचारलं नाही, कारण तेवढ्यात जनरेटरवाला डिझेलला पैसे मागायला आला.

गंगेची गाणी रंगली, म्हातारीनं लोकांना पोट धरून हसवलं. गंगेचं काम करणारी बाई खणखणीत गळ्याची होती, तिला माइक नसता तरी चाललं असतं. मध्यरात्र उलटल्यावर डाव रचायचा प्रवेश आला. भावांनी बाळ्याला घेरलं, धमकावलं. तो संग्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि माझ्या मिक्सरवर मधल्या माइकचा दिवा विझला.

वायर तुटली असं समजून मी ओणव्यानं स्टेजच्या कडेपर्यंत गेलो. वायर चाचपत हात पुढं नेला तर तिच्यावर पाय. बाळ्याचा पाय, अंगठ्याला फडकं बांधलेलं. त्यानं खाली बघितलंही नाही, फक्त टाच उचलून माझा हात हळूच मागं सारला. मी मान वर केली. माइकचं बटण खाली ओढलेलं.

आणि मग त्यानं हाक मारली. गाण्यात नाही, साध्या बोलण्यात. “संग्या, बा.” चल, ये. शेजारच्या घरी ऐकू जाईल एवढीच. हिम्मेळानंही ओळ उचलली नाही. समोरचा जमाव पुढं झुकला, मागचे लोक उभे राहिले, आणि बायकांच्या घोळक्यातून एकजण ओरडली, “होगब्याडो संग्या!” जाऊ नको रे! संग्या अर्थातच गेला.

टीव्हीवर गुन्ह्याच्या मालिकेत खुनी दिसला की ढॅण ढॅण वाजतं. मीही आजवर प्रत्येक खलनायकाला एको देत आलोय, कारण लोकांना तेच लागतं असं आमच्या धंद्यात धरून चालतात. पहाटे चहा पिताना मी त्या गड्याला विचारलं. तो म्हणाला, “माइकवर हाक मारली तर साऱ्या गावाला ऐकू येती. दोस्ताला दगा देणारा अशी हाक मारतोय व्हय?”

पैसे घ्यायला गेलो तर कमिटीचा खजिनदार अडून बसला. ऐन खुनाच्या वेळी माइक गेला, पाचशे कापणार. मी समजावलं, त्याला पटेना. शेवटी खेळाचे मास्तर मध्ये पडले. “कापायचे तर बाळ्याचे कापा, बटण त्यानं दाबलंय.” खजिनदार बाळ्याकडं बघून म्हणाला, “याचे दरसाल कापायला पायजेत, मित्राला मारून येतोय.” सगळे हसले. मग त्यानं माझे पैसे पुरे मोजले; डिझेलचे तेवढे राहिले, ते अजून यायचेत.