कर्जतला पकडला गेलो

परवा कर्जत स्टेशनवर उभा होतो, नेहमीसारखाच गाडीच्या शेपटाकडे, कारण मला पुढचं इंजिन नकोच असतं, मला हवे असतात मागून लागणारे बँकर. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात, घाट चढेपर्यंत ढकलायला, तेच हे बँकर. तेवढ्यात लोक वडापाव घेतात आणि मी मोबाईल धरून कपलिंगचा तो खण्णकन आवाज रेकॉर्ड करतो. व्हिडिओत माझं तोंड कधीच नसतं. बायको म्हणते तेच बरंय.

तर सवयीने बोलायला लागलो, "तर मंडळी, आले बघा..." आणि मागून कोणीतरी, "धक्का मारणारे गडी!"

वळून बघतो तर एक साठीच्या काकू, हातात दोन वडापाव. "तुम्हीच ना ते? आवाजावरून ओळखलं. आमचे हे रेल्वेत होते, आता गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाहीत, रोज रात्री तुमचंच लावून बसतात, मला मेली झोप नाही त्या खणखणाटात."

मला काय बोलावं सुचेना, थँक्यू म्हणालो बहुतेक, कान गरम झालेले.

"फक्त मध्येमध्ये फार बोलता हो तुम्ही," काकू डब्यात चढता चढता म्हणाल्या, "यांना इंजिन ऐकायचं असतं."

घरी येऊन बघितलं तर खण्णकन आलंच नाहीये, सगळ्या काकूच आहेत.