जानेवारीतलं साउथ प्लॅट, ट्राउट आणि पायमोजे

डेन्व्हरला आल्यापासूनचा हा माझा चौथा हिवाळा आणि आता मला साउथ प्लॅट नदीवरच्या डेकर्सला ट्राउट मासे धरायला जुलैपेक्षा जानेवारीत जायला जास्त आवडतं. गर्दी नसते हे आहेच, पण खरं कारण तिथलं पाणी. वरच्या बाजूला चीझमन धरण आहे, १९०५ सालचं. पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, त्यामुळे थंडीत धरणाच्या तळाशी तेच राहतं आणि खालून सोडलं की बाहेर उणे १० असलं तरी धरणाखालची नदी वाहती राहते. जसजसं खाली जावं तसा काठाला बर्फ धरायला लागतो, आणि काठावरच्या त्या बर्फाच्या फळीवर अजिबात पाय टाकू नका, खाली पोकळ असते.

पहाटे उठून जाण्यात अर्थ नाही. मासा गारठलेला असतो, खळाळ सोडून संथ खोल डोहात तळाशी बसतो आणि खाण्यासाठी हातभरसुद्धा हलत नाही. ११ ते ३, बस्स. खायला मुख्यतः मिज, म्हणजे चिलटाएवढे किडे, म्हणून फ्लायसुद्धा (किड्यासारखा दिसणारा गळ) २० ते २४ नंबरची, तांदळाच्या दाण्याहून बारीक, टिपेट (लाइनचं शेवटचं बारीक टोक) ६एक्स, आणि वजन इतकं की फ्लाय तळाला घासत जाईल. मासा ओढत नाही, इंडिकेटर (लाइनवरचा तरंगता बोंडा) नुसता क्षणभर थबकतो, तेवढ्यात रॉड उचलायचा.

रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साचतो आणि लाइन अडकते. नखाने किंवा जोर लावून काढू नका, टोक मोडतं. रॉड पाण्यात बुडवून धरा, आपोआप सुटतो. लाइन सारखी आत-बाहेर ओढली नाही तर बर्फ कमीच धरतो.

आता पायांचं. पहिल्या वर्षी मी थंडीच्या भीतीने जाड मोज्यांचे २ जोड घातले, बूट घट्ट झाले, आणि अर्ध्या तासात बोटं इतकी बधिर झाली की गाडीपर्यंत चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं, खूप घाबरले होते मी. रक्त फिरायला जागा हवी. आता लोकरीचा एकच जोड आणि एक साइझ मोठे बूट, वेडर्सच्या (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटच्या) आत लोकरीची किंवा फ्लीसची पँट, सुती काहीही नाही कारण ओलं झालं की वाळत नाही. बुटांच्या फेल्टच्या (दाबून केलेल्या जाड कापडाच्या) तळव्याला बर्फाचे गोळे चिकटतात, त्यापेक्षा रबरी तळवा आणि खिळे. कमरेचा पट्टा घट्ट बांधलेलाच हवा, पडलात तर वेडर्समध्ये पाणी पटकन भरत नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत ठेवाच.

मासा मिळाला तर जाळी पाण्यातच ठेवा, हात ओले करा आणि तिथल्या तिथे सोडून द्या, कडाक्याच्या हवेत कल्ले गोठायला वेळ लागत नाही. फोटोसाठी उचलून धरू नका प्लीज.

अजून एक. ब्राउन ट्राउट शरदात अंडी घालतात आणि ती हिवाळाभर खडीत असतात. हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंदच असते ती याच प्रजननासाठी. इथे मात्र नदी उघडी असते, म्हणजे काळजी आपल्यालाच घ्यायला हवी. उथळ पाण्यात स्वच्छ, आजूबाजूपेक्षा फिकट दिसणारा खडीचा पट्टा, म्हणजे अंड्यांची जागा, दिसला की मी काठावर चढते आणि वळसा घालून पुढे जाते.