टर्कीच्या रानातले संकेत
अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यातील सरकारी शिकारभूमीवर कोणाचीच मालकी चालत नाही. म्हणूनच वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीच्या हंगामात, वाटेच्या तोंडाशी पहाटे आधीच एखादी गाडी उभी दिसली, तर मागून आलेल्याने निमूटपणे दुसरी जागा शोधावी, असा संकेत आहे. टर्कीच्या आवाजाचा माग काढत झुडपांतून सरकणे तर तेथे कायद्यानेच निषिद्ध आहे, कारण तो आवाज झाडाला टेकून मादीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. असा कोणी जवळ येताना दिसला, तर बसलेल्याने हात हलवू नये, कारण हालचालीवरच बंदूक रोखली जाण्याची भीती असते. मोठ्याने, माणसासारखे बोलावे. दुसऱ्याने तासभर साद घालून जवळ आणलेला नर मध्येच अडवून टिपणे, हा मात्र मला निव्वळ हावरटपणा वाटतो.