दळलं की लगेच भरायचं नाही : आमची वाटचाल

खूप जण विचारतात की आयटीतला माणूस भाजणी विकायला कसा लागला. तर झालं असं की आम्ही राहतो अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या लाउडन काउंटीत, इथे मराठी लोक भरपूर पण दुकानातलं ज्वारीचं पीठ म्हणजे विरी गेलेलं, भाकरी थापताना काठ फाटणार आणि उचलली की दोन तुकडे. आई फोनवर म्हणाली, अरे मग घरीच दळ ना. छोटी दगडी चक्की घेतली, ज्वारी कॅन्ससची मागवली, ओळखीच्या चार घरांना द्यायला लागलो, चाराची चाळीस झाली तसं एक किचन भाड्याने घेतलं.

आणि पहिल्याच उन्हाळ्यात तोंडावर आपटलो. दळलं की पीठ गरमच पिशवीत भरायचो आणि झिप बंद. आठवड्याभरात फोन सुरू, दादा भाजणी खवट लागतेय, पिठात गुठळ्या आहेत. सगळ्यांचे पैसे परत केले. बायको म्हणाली चक्की विकून टाक. मी आधी डाळीला नावं ठेवली, मग पिशवीला, मग इथल्या दमट हवेला.

त्याच सुमारास घरी पाहुणे आले म्हणून त्यांना माउंट व्हर्ननला नेलं, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. तिथून थोड्या अंतरावर त्याची पाणचक्की आहे, मूळची 1771 ची, आताची नंतर परत बांधलेली पण चालू. ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या माणसाने धान्य आपोआप वर चढवायची, दळायची, चाळायची अशी सगळी साखळी बसवली होती, पट्ट्याला छोटी छोटी भांडी लावलेली, तीच दाणे वरच्या मजल्यावर नेणार. 1790 मध्ये त्याला पेटंट मिळालं, त्यावर सही राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचीच, आणि 1791 मध्ये साहेबांनी तीच यंत्रं स्वतःच्या गिरणीत बसवून घेतली! त्यात एक यंत्र होतं हॉपर बॉय. आधी एक पोरगा हातात दाताळं घेऊन ताजं पीठ पसरत बसायचा, त्याच्या जागी हा फिरणारा लाकडी दाताळा. कशासाठी, तर पीठ गार आणि कोरडं व्हावं म्हणून. गरम पीठ पिंपात भरलं तर त्याला घाम सुटतो, गुठळ्या होतात, आंबतं, आणि ही पिंपं जहाजाने वेस्ट इंडीजपर्यंत जायची. (ती पिंपं बनवणारे गुलाम होते, हेही सांगायला हवं.) मी तिथेच कपाळावर हात मारला.

मग नादच लागला. आमच्याच काउंटीत ऑल्डी मिल नावाची जुनी पाणचक्की आहे, लिटल रिव्हरच्या काठी, 1807 ते 1809 मध्ये बांधलेली, 1971 पर्यंत चालली. दोन चाकं एकामागे एक. पाटाचं पाणी चाकाच्या डोक्यावर पडतं, कप्पे भरतात आणि पाण्याच्या वजनाने चाक फिरतं, म्हणजे आपलं रहाटगाडगं उलटं केलं की झालं, रहाटात गाडगी खाली भरून वर रिकामी होतात, इथे वर भरून खाली. तंबाखूच्या पिकाने जमिनींचा कस गेलेला, मग इथल्या शेतकऱ्यांनी जिप्सम नावाचं खनिज टाकून, क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं पीक लावून, खोल नांगरून गव्हाला जमीन तयार केली. जॉन बिन्स नावाच्या इथल्याच शेतकऱ्याने 1803 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. गहू वाढला तसं ओढ्याओढ्यावर गिरण्यांना काम मिळालं. दळणावळ म्हणून गिरणीवाला धान्याचाच हिस्सा ठेवून घ्यायचा.

आमच्याकडे यंत्र वगैरे काही नाही हो. चक्कीचा स्पीड कमी केला, पीठ मोठ्या ट्रेमध्ये पातळ पसरतो, पंखा लावतो, संध्याकाळी दळलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी भरतो. पसरायला कॉलेजचा एक मुलगा येतो, बायको त्याला हॉपर बॉय म्हणते, त्याला अजून कारण सांगितलेलं नाही. खवटपणाची तक्रार त्यानंतर आली नाही. ज्वारीचं पीठ मात्र तीन आठवड्यांच्या वर ठेवत नाही, उरलं तर घरी भाकरी.