पत्र्यांसाठी गेलो, खिडक्यांपाशी थांबलो

जुन्या घरांतले घातक पदार्थ शोधून काढणं हे आमचं काम. इथलं बोलावणं छतासाठी होतं. मागच्या खोल्यांवर पन्हळी सिमेंटचे जुने पत्रे होते. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून फुप्फुसात गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतूंचं खनिज) असणार, या धास्तीने घरमालकांना ते लगोलग उतरवून हवे होते. शिडी लावण्याआधी आम्ही घरातून एक चक्कर मारतोच. ज्या वस्तूला घाबरून लोक फोन करतात, ती जुन्या घरात सहसा एकटी नसते. इथे मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि बुटाखाली करकरलं. खिडक्यांच्या लाकडी चौकटी निम्म्या घासून झाल्या होत्या, घासायचं मशीन खालीच पडलं होतं आणि सरकत्या झडपेच्या खाचेत पिवळट-हिरवा भुगा साचला होता. शेजारच्या खोलीत रांगतं बाळ. जुन्या रंगात विषारी शिसं असू शकतं.

“किटने तपासलंय, शिसं निघालं नाही,” मालक म्हणाले. स्वॅब (किटमधली तपासणीची काडी) कुठे घासलात, असं विचारल्यावर त्यांनी वरच्या पांढऱ्या रंगावर बोट ठेवलं. तो थर अलीकडचा. शिसं असलंच तर खालच्या थरांत असणार. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग संशयितच धरायचा, त्यावर नंतर कितीही हात मारलेले असोत.

तपासायचं तर नव्या पात्याने तिरका छेद द्यायचा, थेट लाकूड दिसेपर्यंत, म्हणजे सगळे थर उघडे पडतात. इथे पांढऱ्याखाली क्रीम निघाला, त्याखाली हिरव्याचे दोन थर आणि तळाशी तांबूस प्रायमर. हिरवा दिसला की आम्ही सावध होतो. जुना हिरवा पुष्कळदा क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू मिसळून केलेला असतो, आणि क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट. र्‍होडिझोनेटचा स्वॅब (हे शिसं लागलं की रंग बदलणारं रसायन, अशा किटमध्ये असतं) साध्या शिशावर लगेच गुलाबी-लाल होतो, पण क्रोमेटवर तो फार हळू चालतो. मिनिटभर बघून ‘काही नाही’ म्हणून फेकून दिलेला स्वॅब तासाभराने गुलाबी झालेला असतो. प्लास्टरची किंवा जिप्समची धूळ लागली तर त्यातलं सल्फेट आड येतं आणि रंग उमटतच नाही. उलट बाजूने, मूळचाच लाल रंग स्वॅबवर उतरला की नसलेलं शिसं दिसतं. किटचा ‘नाही’ मी कधीच शेवटचा धरत नाही. एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरण टाकून शिसं मोजणारं) सगळ्या थरांमधून एकत्र वाचतं. अमेरिकेत चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त आलं की तो शिशाचा रंग ठरतो. इथला आकडा त्याच्या कितीतरी वर होता.

भिंतीवर शांत बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. खिडकी मात्र रोज घासली जाते. झडप खाचेतून सरकली की थोडी धूळ पडते, ती कठड्यावर उतरते, तिथून बाळाच्या हाताला आणि हातातून तोंडात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेल्या शिशातलं लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखीच. इथे वर्षानुवर्षं थोडी थोडी पडणारी धूळ मशीनने एका दुपारीच काढून ठेवली होती. त्यावर साधा व्हॅक्युम क्लीनर फिरवलेला, म्हणजे जाड भुगा पिशवीत आणि बारीक धूळ मागच्या झोतातून परत खोलीत. हीट गनही आणून ठेवली होती, सुदैवाने डबा उघडला नव्हता. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे शिशाची वाफ सुटू लागते आणि ती थेट फुप्फुसात जाते.

छत त्या दिवशी राहिलं बाजूला. आधी पंखा बंद, खोली रिकामी. दारावर जाड प्लास्टिकचा दुहेरी पडदा, बूट आतच. बाळाची खेळणी साबणाच्या पाण्याने धुवायला सांगितली, घासताना घातलेले कपडे वेगळे धुवायला सांगितले. आणि बाळाची रक्ततपासणी. ती शिरेतून रक्त घेऊन करायची. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळली तर आकडा उगाच फुगतो. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्रोत तर आमच्या पायाखालीच होता.

सफाईचा क्रम ठरलेला आहे, आणि त्यातली एक पायरी गाळली तरी तो फसतो. मोठे पापुद्रे आधी फवाऱ्याने ओले करून उचलायचे. मग हेपा फिल्टरचा व्हॅक्युम, वरून खाली आणि लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे, हात अगदी सावकाश चालवत. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणारा. त्यानंतर ओलं पुसणं, आणि त्याला तीन बादल्या: एक साबणाच्या पाण्याची, एक फडकं पिळायची, एक स्वच्छ पाण्याची. एकाच बादलीत फडकं बुडवत राहिलात तर खोली पुसली जात नाही, शिसं नुसतं सारखं पसरतं. पाणी गढूळ झालं की बदलायचं, गाळून संडासात ओतायचं, अंगणात नाही. सगळं वाळल्यावर पुन्हा हेपा. गालिचा वाचवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. ओला करून गुंडाळायचा, प्लास्टिकात बांधायचा, बाहेर.

चौकटींवर नवा रंग मारून टाकू का, असं मालकांनी विचारलं. जिथे घासलं जात नाही तिथे हरकत नाही: सुटे पापुद्रे ओले खरवडून त्यावर जाड कोटिंग चालतं. खाचेत ते टिकत नाही, झडप दोन महिन्यांत ते खरवडून टाकते. इथे झडपा बदलल्या आणि खाचेत नवी पट्टी बसवली. खरवडणाऱ्याच्या तोंडावर पी१०० फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क, आणि दाढी काढलेली. केसांमुळे मास्क कातडीला चिकटत नाही आणि धुळीला वाट मिळते.

आता पत्रे. पत्र्यातला अ‍ॅस्बेस्टॉस साधारण १० ते १५ टक्के, बहुतेक पांढरा म्हणजे क्रायसोटाइल, आणि तो सिमेंटमध्ये जखडलेला. म्हणून धड पत्रा आपणहून धोका करत नाही. धोका करते त्याच्यावर चाललेली ग्राइंडरची चकती, ड्रिल, शेवाळ काढायला मारलेलं जोरदार पाणी. पाणी वरचं सिमेंट धुऊन नेतं, सुटलेले तंतू पन्हळातल्या गाळात बसतात आणि गाळ वाळला की उडतात. नमुना घ्यायला चार थेंब साबण घातलेलं पाणी फवारायचं, फुटक्या कडेचा नखाएवढा तुकडा पक्कडीने काढायचा, दोन पिशव्यांत बंद करायचा, तुटली कड रंगाने बुजवायची. प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखतात. डोळ्यांनी बघून ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

इथे क्रायसोटाइल निघाला. पण पत्रे मजबूत होते, दोनच तडकलेले. ते दोन काढले, बाकीचे राहू दिले. मालक थोडे नाराज झाले, पण धड पत्रे उतरवताना जेवढी धूळ निघते तेवढी ते नुसते राहिले तर निघत नाही. काढताना पत्र्यावर पाय नाही, वाशांवर फळी टाकून त्यावर उभं राहायचं. जुना पत्रा माणसासकट खाली येतो, आणि या कामात तंतूंच्या आधी पडण्याने जीव जातो. वरून-खालून हलकं पाणी मारायचं. नट गंजले असतील तर बोल्ट कटरने तोडायचे, ग्राइंडर लावायचा नाही. पत्रा अख्खा हातोहात उतरवायचा, दोन थर प्लास्टिकात गुंडाळून टेप मारायचा, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहायचं. पिशवीत मावावा म्हणून मोडायचा नाही. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंख्यासाठी पत्र्याला भोक पाडायचा बेत होता, तो भिंतीवर नेला. उरलेल्या पत्र्यांचा नकाशा काढून वीज आणि प्लंबिंगच्या माणसांसाठी फाइलमध्ये लावून दिला.

खिडकीच्या खोलीची शेवटची तपासणी ओल्या वाइपने होते. सफाई संपल्यावर किमान एक तास थांबायचं, म्हणजे तरंगती धूळ खाली बसते. मग एक फूट लांब-रुंद चौकोन आखून तेवढीच जागा पुसायची आणि वाइप प्रयोगशाळेत द्यायचा. कठडे पास झाले, फरशी मात्र पंख्याखालीच नापास. पात्यांची वरची बाजू पुसायची राहून गेली होती आणि कोणीतरी फरशी वाळावी म्हणून पंखा लावला होता. पाती उतरवून पुसली, सगळा क्रम पुन्हा केला आणि दुसऱ्या वाइपला फरशी पास झाली.